नळाला करंट

स्वतःचा धंदा सुरू केल्यावर मला सगळ्यात आधी काय मिळालं असेल तर ती भीती. नोकरीत असताना ती माझ्या ओळखीची नव्हती. ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये इलेक्ट्रिकचे पॅनल बनवणाऱ्या एका लहानशा कारखान्यात मी वायरिंग करायचे. तिथे एखादी तार चुकलीच तर टेस्टिंगच्या टेबलावर पकडली जायची. माझ्यावर सुपरवायझर होता, त्याच्यावर मालक होता, आणि मी केलेलं काम ज्याच्या भिंतीवर लागणार त्या माणसाचं तोंडसुद्धा मला कधी दिसायचं नाही. मग मालकाने कारखाना गुजरातच्या हद्दीकडे हलवला आणि आम्ही सगळे घरी बसलो. विलास म्हात्रे माझ्याबरोबर आयटीआयला होता, नंतर कारखान्यातही शेजारच्याच टेबलावर. शीळफाट्याजवळच्या गावातला आगरी मुलगा. उंच, हसरा, कशाचीच फिकीर न करणारा. शेवटच्या दिवशी गेटबाहेर चहा पिताना तो म्हणाला, "कुंदे, आता कोनाची चाकरी नको. तुझ्याकरं लायसन हाय, माझ्याकरं हात हायेत. आपला आपुन करू." सुपरवायझरची परीक्षा मी पास झाले होते, त्यामुळे कॉन्ट्रॅक्टरचं लायसन्स निघालं ते माझ्या नावावर. डोंबिवली पूर्वेला एका गल्लीत इस्त्रीवाल्याच्या शेजारचा गाळा मिळाला. पेंटरने पिवळ्या अक्षरांत 'कुंदा इलेक्ट्रिकल्स' रंगवलं आणि खाली लायसन्सचा नंबर टाकला. विलास रस्त्याच्या पलीकडे जाऊन, मान तिरकी करकरून पाटी बघत राहिला. माझी नजर मात्र खालच्या नंबरावर होती. आता कुठे काही जळलं, कुणाला काही झालं, तर लोक याच पाटीखाली येऊन उभे राहणार होते.

माझं घर होतं कल्याण पूर्वेला, पत्र्याच्या बैठ्या चाळीत. माझे वडील, अण्णा, रेल्वेच्या यार्डात कामाला होते. यार्डात डबे जोडले जायचे तेव्हा होणारा दणका आमच्या पत्र्यांतून थरथरत जायचा. आम्हा भावंडांना त्याचं काही वाटायचं नाही, पण आई इतकी वर्षं तिथे राहूनही दर दणक्याला "अगं बाई!" म्हणायची आणि हातातलं भांडं घट्ट धरायची. ती एका शाळेत शिपाई होती. सकाळी भाकऱ्या थापतानाच तिची चौकशी सुरू व्हायची. आज कुठे चढायचंय का? शिडी कोण धरणार? पायात रबरी चपला आहेत ना? बाकीच्या आया मुलींच्या मागे लागतात हात मोकळे ठेवू नकोस म्हणून. माझी आई मी निघताना माझं मनगट धरून बघायची, चुकून बांगडी राहिली नाही ना. डब्यात भाकरी, सुकटीची चटणी आणि कांदा. चटणी तव्यावर परतली जाताना तिचा वास अख्ख्या चाळीत फिरायचा आणि त्या वासातच ती म्हणायची, "आमच्या शाळेत प्रयोगशाळेत माणूस घ्यायचंय. मी मोठ्या बाईंशी बोललेय. पंख्याखाली बसायचं, काचेच्या नळ्या पुसायच्या. ह्या तारांपेक्षा काय वाईट आहे?" रविवारी विहारात वंदना संपून सगळे उठले तरी ती हात जोडून बसून राहायची. ती काय मागत असेल हे मला ठाऊक होतं. अण्णा माझी अवजारांची पिशवी रोज सकाळी उचलून वजन बघायचे आणि तशीच खाली ठेवायचे. त्यांच्या मनात काय असायचं हे मी कधी विचारलं नाही, आता विचारायला ते नाहीत.

पहिलं मोठं काम मिळालं ते गाळ्यापासून जवळच असलेल्या एका तीन मजली सोसायटीचं. जिन्याचं जुनं वायरिंग काढून नवं टाकायचं, मीटरच्या खोलीतला पसारा नीट लावायचा आणि पाण्याच्या पंपाला नवा स्टार्टर बसवायचा. सेक्रेटरी करमरकर म्हणजे एक निवृत्त हेडक्लार्क, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यांनी माझं पूर्ण नाव विचारलं, गाव विचारलं, मग थोडं थांबून लायसन्स बघायला मागितलं. ते वाचून झाल्यावर म्हणाले, "ठीक आहे. सरकारने दिलंय म्हणजे येतच असणार." आम्ही जीव ओतून काम केलं. विलास भिंतीवर पट्ट्या ठोकायचा, मी मागून तारा ओढायचे. येता-जाता बिऱ्हाडकरू थांबून बघायचे, कारण शिडीवर मुलगी चढलेली त्यांनी बघितली नव्हती. पहिल्या मजल्यावरच्या गद्रे काकू तर दार उघडं ठेवून खुर्ची टाकून बसायच्या. त्यांची मुलगी मेधा बाळंतपणासाठी माहेरी आलेली होती. घरात धुरीचा वास, डिंकाच्या लाडवांचा वास, आणि दोरीवर लंगोटांची रांग. काम संपलं, जिन्यातले दिवे लागले, पंप चालू झाला. करमरकरांनी प्रत्येक बटण स्वतः दाबून बघितलं.

आणि तिथून पुढे माझी झोप गेली. काम करताना भीती वाटली नव्हती, ती काम संपल्यावर आली. जेवताना मध्येच वाटायचं, दुसऱ्या मजल्यावरच्या पेटीतला तो स्क्रू मी घट्ट केला का? पंपाची अर्थिंगची तार नीट दाबून बसवली का? घास हातातच राहायचा. दिव्यांचे गोळे डोळ्यांपुढे यायचे. मी विलासला विचारायचे, तो म्हणायचा, "तूच केलंस, मीच बघला. आता जेव." पण भीतीला साक्षीदार पुरत नाहीत. तिला फक्त एखादी फट हवी असते आणि ती मिळेपर्यंत ती सगळ्या भिंती चाचपत राहते.

आज मी साठी ओलांडली आहे. मी ठाण्यात ज्या इमारतीत राहते तिथे दर घराच्या बोर्डात एक लहानसा स्विच आहे. कुठे जरासा करंट झिरपला की तो स्वतःच खट्‌कन पडतो. तो पडला की माझी सून वैतागते. मी उठून कुठे झिरपलं ते बघते. त्या काळी अशा साध्या इमारतींत तसलं काही नसायचं. करंट जिकडे वाट मिळेल तिकडे जायचा आणि माणसाला ते हात लावल्यावरच कळायचं.

काम संपून काही दिवस झाले असतील. सकाळी गाळा उघडून मी वायरची गुंडाळी सोडवत होते तेव्हा करमरकर आले. चालत नव्हे, जवळजवळ पळत. एवढ्या टापटीप माणसाच्या शर्टाचं वरचं बटण उघडं होतं.

"अहो बाई, काय करून ठेवलंय तुम्ही? नळाला करंट येतोय! गद्र्यांची मेधा लंगोट धुवायला बसली तर हात खांद्यापर्यंत झिणझिणून मागे फेकला गेला तिचा. वर साठ्यांकडेही तेच. इतकी वर्षं कधी नाही झालं. तुमचं वायरिंग झालं आणि हे सुरू झालं!"

माझ्या हातातली गुंडाळी खाली पडून घरंगळत रस्त्यापर्यंत गेली. कान बंद झाल्यासारखे झाले. करमरकर बोलत होते, त्यांचे ओठ हलताना दिसत होते, आणि मला फक्त पंपाची ती अर्थिंगची तार दिसत होती. विलासने पिशवी उचलली आणि माझ्या दंडाला धरून मला चालवलं. त्या गल्लीतून मी शेकडो वेळा गेले असेन, पण त्या दिवशी ती संपेचना. मी मनात एकच म्हणत होते, पोर जिवंत आहे. हात फेकला गेला म्हणजे सुटला. जिवंत आहे.

इमारतीच्या आवारात माणसं जमलेली होती. गद्रे काकू सगळ्यांत पुढे. मला बघताच त्या ओरडल्या, "आली बघा! अगं, घरात ओली बाळंतीण आहे माझ्या! जमत नव्हतं तर कशाला हात लावलास? आणि तुम्ही हो करमरकर, कुणालाही आणून उभं करता!" मी मीटरच्या खोलीत गेले आणि मेन स्विचचा दांडा खाली ओढला. अख्ख्या इमारतीतला पंख्यांचा, रेडिओंचा आवाज एकदम थांबला. करमरकर मागे धावत आले. "बंद कशाला केलंत? लोकांची ऑफिसं आहेत, पाणी चढवायचंय. तुमच्या पंपाचं तेवढं दुरुस्त करा ना!"

"काका," मी म्हणाले, आणि माझा आवाज इतका चिरका निघाला की मलाच तो ओळखू आला नाही, "दोष सापडेपर्यंत मी लाइन देणार नाही. कुणी मेलं तर?"

'मेलं' हा शब्द ऐकून पुढची माणसं दोन पावलं मागे सरकली. सेक्रेटरींचा चेहरा उतरला. लोक आतापर्यंत माझ्यावर चिडले होते, आता ते घाबरले. मी तो शब्द मोठ्याने बोलले म्हणजे धोका आहे हे मी कबूल केलं होतं, आणि इमारतीत शेवटचं काम माझं होतं.

पण दोष शोधायचा तर लाइन पुन्हा द्यावी लागणार होती. विलास टेस्टर घेऊन गच्चीवर जाईल आणि टाकीजवळच्या नळाला तो लावून धरील. मी खाली एकेक फ्यूज काढत जाईन. ज्याचा फ्यूज काढल्यावर टेस्टरचा दिवा विझेल, दोष त्याच्या लाइनीत. मीटरच्या खोलीला लागूनच न्हाणीघरांच्या खिडक्यांची अरुंद डक्ट होती, गच्चीपासून खालपर्यंत मोकळी. तिच्यातून हाका नीट ऐकू यायच्या. तोपर्यंत इमारतीत कुणी नळाला, पाण्याला हात लावायचा नाही, सगळ्यांनी आवारात येऊन थांबायचं, असं मी सांगितलं. करमरकर जिन्यात उभे राहून नावं घेऊन हाका मारत होते. माणसं उतरत होती. कुणाच्या तोंडावर साबण, कुणाच्या हातात अर्धवट इस्त्री केलेली पँट. शेवटी ते मीटरच्या खोलीच्या दारात आले. "सगळे बाहेर आहेत. करा चालू."

"गद्र्यांकडचं बाळ?" मी विचारलं.

काकू पलीकडूनच म्हणाल्या, "झोपलंय ते. मेधाही पडलीय. तिला सांगितलंय उठू नकोस म्हणून. तू आपलं काम कर."

मी दांड्याला हात घातला. लोखंडी दांडा, वर लाल रंग, मीच पुसून स्वच्छ केलेला. जोर लावायला म्हणून मी श्वास रोखला, आणि त्या रोखलेल्या श्वासात मला ऐकू आलं. डक्टमधून, वरून. तान्ह्या मुलाचं रडणं. भुकेचं नव्हे, झोपमोडीचंही नव्हे. कपडे काढून, तेल लावून, पालथं घातल्यावर पोर ज्या संतापाने रडतं ते रडणं. माझ्या धाकट्या भावाला चाळीच्या मोरीत आई न्हाऊ घालायची तेव्हा तो असाच रडायचा.

दांडा सोडून मी पळाले. करमरकरांना धक्का लागला, त्यांचा चष्मा पडला. जिन्यात मीच लावलेले दिवे बंद होते आणि अंधारात मी दोनदा ठेचकाळले. गद्र्यांचं दार नुसतं लोटलेलं होतं. आतल्या खोलीत मेधा भिंतीकडे तोंड करून गाढ झोपली होती आणि न्हाणीघराच्या दारात कंदील होता. बाळाला न्हाऊ घालायला रोज येणाऱ्या मालीशवाल्या बाई ओल्या फरशीवर पाय लांब करून बसल्या होत्या, पायांवर बाळ, शेजारी गॅसवर तापवलेल्या पाण्याचा वाफाळता हंडा. आम्ही सगळे पुढच्या आवारात गोळा झालो होतो, त्या मागच्या बाजूने नेहमीप्रमाणे आल्या होत्या. लाइट गेलेत एवढंच त्यांना माहीत. पाणी फार कढत होतं म्हणून विसण घ्यायला त्यांचा एक हात नळावर होता.

नळावर होता. तोटी त्यांनी नुकतीच धरली होती.

"बाई, हात काढा!" मी किंचाळले. त्या दचकल्या, हात निघाला, तांब्या खणखणत कोपऱ्यात गेला. मी वाकून बाळाला उचललं. तेलाने निसरडं, गरम, किंचाळणारं. ते माझ्या हातातून सटकेल या नव्या भीतीने मी तिथेच ओल्यात खाली बसले. मागून काकू आल्या. त्यांनी दारातून आत बघितलं. कंदील, हंडा, नळ, मी. त्यांना सगळं एका क्षणात कळलं असावं, कारण त्या ओरडल्या नाहीत. चौकट धरून हळूहळू खाली बसल्या.

आजही मला हे स्वप्नात पडतं तेव्हा माझ्या कानांवर रडणं येत नाही. स्वप्नात डक्ट शांत असते आणि मी दांडा वर ढकलते.

त्यानंतर प्रत्येक घरात मी स्वतः गेले. संडासापर्यंतची दारं उघडून बघितली. मेधा बाळाला पोटाशी धरून आवारात येऊन बसली, मालीशवाल्या बाई तिच्याजवळ. विलास वर गेला. मग मी दांडा वर केला आणि डक्टमधून विलासचा आवाज आला, "हाय! दिवा पेटलाय! चांगलाच पेटलाय!"

पहिला फ्यूज कुठला काढायचा हे मला कुणी सांगितलं नव्हतं. करमरकर चष्मा पुसत दारात उभे होते, त्यांच्यामागे अर्धं आवार. मी जिन्याच्या आणि पंपाच्या लाइनीवर हात ठेवला. आमच्या कामावर. हा काढल्यावर दिवा विझला तर मी पाटी उतरवणार होते, शाळेत जाऊन काचेच्या नळ्या पुसणार होते, हे मी त्या क्षणी आतल्या आत ठरवूनही टाकलं होतं. बोटं घामाने निसटत होती. मी ती ओढणीला पुसली आणि फ्यूज ओढला.

वरून काहीच आवाज येईना.

"विलास?"

काही नाही. करमरकरांनी घसा खाकरला.

"विलास, बोल ना रे!"

"थांब, नीट बघतंय!" मग थोड्या वेळाने, "हाय! अजून पेटलेलाच हाय! कुंदे, आपला नाय! आपला नाय तो!"

मला आनंद झाला असं लिहायला हवं. पण तेव्हा मला फक्त पुढचा फ्यूज दिसत होता. मी तो ओढला. हाय. त्याच्या पुढचा. हाय. करमरकरांचा. हाय. प्रत्येक वेळी ज्याचं घर तो माणूस मोठा श्वास सोडून मागे सरकायचा. मग मी गद्र्यांचा ओढला आणि विलास ओरडला, "गेला!" खात्रीसाठी मी तो परत लावला. "आला!" काढला. "गेला!"

दोष त्यांच्या गीझरमध्ये होता. मेधाच्या बाळंतपणासाठी काकूंनी तो हौसेने आणवला होता, पोरीला आणि बाळाला कढत पाणी हाताशी असावं म्हणून. बसवणाऱ्याने त्याची अर्थिंगची तार कुठेच जोडली नव्हती. नुसती कापून आत दडपली होती. सुरुवातीला काही झालं नाही. मग आतली कॉइल गंजली, करंट पाण्यात आणि पाण्यातून इमारतीच्या लोखंडी पाइपांत गेला. आम्ही त्याच सुमारास जिन्यात काम करत होतो हा योगायोग. मी हे सांगत होते तेव्हा काकू माझ्याकडे बघत नव्हत्या. "तो तर केव्हाचा बसवलाय," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "तिच्यासाठीच बसवला. तिच्यासाठीच गं."

त्या दिवशी घरी गेल्यावर मी आईला सगळं सांगितलं. सांगायचं नाही असं ठरवून गेले होते. तिने ताट वाढलं होतं, बोंबलाचं कालवण होतं, मी भाकरी नुसती कुस्करत बसले. मला वाटलं, आता ती शाळेचं काढणार. पण ती एवढंच म्हणाली, "बाळ पायांवरून तू उचललंस?" मी हो म्हटलं. शाळेचं काही न काढता ती उठली आणि तिने माझं ताट झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही परत गेलो. विलासने आवारात अर्थिंगसाठी खड्डा खणला, त्यात मीठ-कोळसा भरला, पट्टी उभी केली. मी गीझर उतरवला, गद्र्यांच्या घराला अर्थिंग आणलं, पाइपांनाही जोडलं. टेस्टर लावला, दिवा लागला नाही. काकूंना दाखवला. त्यांनी मान डोलावली, पण न्हाणीघराच्या उंबऱ्यावरून त्या आत येईनात. मागे मेधा बाळाला घेऊन उभी होती. हंडा तापलेला होता, मालीशवाल्या बाई पदर खोचून वाट बघत होत्या.

"मला त्या दिव्याचं काही कळत नाही," काकू म्हणाल्या. "आधी तू हात लाव."

गावात आई लहान होती तेव्हा विहिरीला हात न लावता थोड्या अंतरावर उभी राहायची, आणि कुणाला दया आली तर वरून तिच्या ओंजळीत पाणी पडायचं. हे तिने मला एकदाच सांगितलं होतं, आणि ते मला त्या दारात आठवेल असं वाटलं नव्हतं. काकूंच्या मनात तसलं काही नसावं. त्यांच्या मनात फक्त नात होती.

मी चपला काढल्या. अनवाणी त्या ओल्या फरशीवर गेले. माझा माझ्या कामावर विश्वास होता, टेस्टरवरही होता, आणि तरीही हात पुढे जाईना. विलास दारातून म्हणाला, "मी लावतंय, तू सर." मी नाही म्हणून मान हलवली. डोळे मिटले आणि तोटी मुठीत धरली.

गार होती. नुसती गार. मी ती फिरवली. पाणी मनगटावरून, कोपरापर्यंत, सलवारीवर, पायांवर वाहायला लागलं. मी तशीच उभी राहिले. हंड्यात विसण पडत होतं, हंडा भरला, पाणी काठावरून सांडायला लागलं, तरी माझी मूठ काही सुटेना.

मग काकू उंबरा ओलांडून आत आल्या. माझ्या हाताशेजारून, त्याच तोटीला, त्यांनी आपला हात लावला आणि नळ बंद केला.